विहिरीपासून लांबची जागा

माझ्या आवाजाबद्दल आमच्या घरात दोन मतं कधीच नव्हती, आजही नाहीत. माझा फोन आला की सूनबाई तो ओट्यावर ठेवते आणि पोळ्या लाटता लाटता माझ्याशी बोलते. स्पीकर लावायची तिला गरज पडत नाही. नातू अजून धड चार वर्षांचा नाही, पण परवा म्हणाला, "आजी, तू फोन कशाला करते, नुसती गच्चीवर ये ना." शेजारच्या बाई भाजीवाल्याला हाक मारायची असली की माझं दार वाजवतात. मी रागावत नाही. ज्या आवाजानं मला एकदा वाशीममध्ये भर मंडपात मान ताठ करून उभं केलं, त्याच्यावर रागावून कसं चालेल? लहानपणी मात्र मला त्याची इतकी लाज वाटायची, की आरशापुढे उभी राहून मी हळू बोलायचा सराव करत असे. तोही आईला स्वयंपाकघरात ऐकू जायचा.

हा आवाज मला मेडशीच्या आमच्या मळ्यानं दिला. विहीर एका टोकाला, उंचावर. आणि कांद्याचे, मेथीचे, वांग्यांचे वाफे पार दुसऱ्या टोकाला. मध्ये तुरीच्या ओळी, अशा उंच की विहिरीवरच्या माणसाला वाफ्यातलं माणूस दिसायची सोय नाही. विहिरीवर माझा मोठा भाऊ नामदेव, आमचा नामा, मोट हाकायचा. पवळ्या आणि ढवळ्या हे बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, उतरले की चामड्याची भरलेली मोट कुरकुरत वर यायची, पाणी धबकन खाली पडायचं आणि पाटानं पळत सुटायचं. तो पाट संपायचा तिथं, फावडं घेऊन, गुडघाभर चिखलात मी. एक वाफा भरला की त्याचं तोंड बुजवायचं, दुसऱ्याचं उघडायचं. आमच्याकडे ह्याला ओलणं म्हणतात. आजही चिखलाचा वास आला की माझी पोटरी आपोआप खाजते.

आता मोट हाकणाऱ्याला कसं कळणार, की पाणी वाफ्यापर्यंत गेलं की वाटेतच कुठं पाट फोडून परक्याच्या शेतात शिरलं? त्यासाठी आमच्या मळ्यात आजोबांपासूनची एक रीत होती. काही मोटा झाल्या की हाकणाऱ्यानं गाण्याची ओळ म्हणायची:

"चाल माह्या पवळ्या, उतर धावेले,
पानी गेलं पाटानं कांद्याच्या वाफ्याले..."

आणि थांबायचं. पलीकडून ओलणारीनं "पोचलं गाऽऽऽ" असं उत्तर दिलं की मगच बैल पुढे हाकायचे. उत्तर नाही आलं तर तीच ओळ पुन्हा म्हणायची. तिसऱ्यांदाही शांतता असली तर कासरा खुंटीला अडकवून बघायला धावायचं, कारण मग एकतर पाट फुटलेला असायचा, नाहीतर ओलणारीला विंचू चावलेला असायचा, नाहीतर ती झोपलेली असायची. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा तिसरं. पण जागी असले की माझं उत्तर तुरीच्या ओळी ओलांडून, विहीर ओलांडून, थेट रस्त्यावरच्या एसटीच्या थांब्यापर्यंत जायचं. अनोळखी माणसं बस सोडून बघत राहायची, म्हणे कुणाचं काय झालं.

घरात माझ्या ह्या गुणाची सगळ्यात जास्त धास्ती घेतली होती मोठमायनं. मोठमाय म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. अंगानं किडकिडीत, जिभेनं भरपूर. सकाळी चुलीपुढे भाकरी थापताना तिचा एक डोळा भाकरीवर आणि एक माझ्यावर. मी "आई, ठेचा दे" एवढंच म्हटलं तरी तिचा हात थांबायचा. "अवं पोट्टे, ठेचा मांगून राह्यली का दवंडी देऊन राह्यली? मेळशीत समद्यायले समजलं का आज आपल्या घरी ठेचा हाय." मग आईकडे वळून, "पाह्यजो बाई, हिले कोनी करन का? पाव्हने पाह्याले आले आन् हिनं 'च्या घ्या' म्हटलं तं कपबशा फुटतीन." आई हसायची, तव्यावरची भाकर उलटायची आणि मला ताटात कांद्याची पात जास्त वाढायची. आईची बाजू घेण्याची पद्धत अशी होती, बिनआवाजाची. घरात आवाजाची दोन टोकं म्हणजे आई आणि मी.

शाळेत सावळे मास्तर नवे आले, ते स्वतःची हार्मोनियम घेऊन. बारीक, गोरे, बोलणं इतकं हळू की मागच्या बाकांना सुटी असल्यासारखंच वाटायचं. एके सकाळी ते बांधावरून फिरायला निघाले असताना त्यांनी नामाची मोटेवरची ओळ ऐकली आणि जागीच उभे राहिले. त्या वर्षी वाशीमला शाळांचा मोठा कलामहोत्सव होता: गाणी, नाच, दंडार, नाटुकली, दोन दिवस नुसती धमाल. आमच्या शाळेनं तोवर अशा ठिकाणी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मास्तरांनी ठरवलं, मेडशीची मोट वाशीमच्या स्टेजवर चढवायची. नामा त्या वर्षी नापास होऊन माझ्याच वर्गात येऊन बसला होता, आणि ज्या मुलाला कवितेच्या चार ओळी पाठ होत नव्हत्या तो एकाएकी शाळेचा मुख्य गायक झाला. ढोलकीला बौद्धवाड्यातला सिद्धार्थ. त्याचे वडील विहारातल्या भजनात ढोलकी वाजवायचे आणि ते जेवायला बसले की सिद्धार्थ ढोलकीवर बसायचा.

उत्तर द्यायला मुलींचा समूह हवा होता. त्यात मी सगळ्यात आधी उभी राहिले. हे काम तर मी रोजच करत होते! नामानं ओळ म्हटली, मी उत्तर दिलं. नंतर सिद्धार्थ शपथेवर सांगत फिरला की हार्मोनियमच्या पट्ट्या आपोआप दाबल्या गेल्या. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला बाजूला घेऊन ते त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "सुभद्रा, बाळ, समूह म्हणजे सगळे मिळून एक. तुझ्यात बाकीच्या मुली हरवतात गं." माझ्या जागी पाटलांची कुमुद आली आणि उत्तराचंही रूपडं पालटलं. आता पाच मुली गोड, नाजूक सुरात म्हणत, "पोहोचले हो, पोहोचले..." स्टेजवर दहाच जण चालणार होते; ते दहा भरले. आम्ही उरलेले शैक्षणिक सहल म्हणून सोबत जाणार होतो. आमचं काम बघायचं, टाळ्या वाजवायच्या आणि परत आल्यावर निबंध लिहायचा. मास्तरांनी आम्हाला बजावलं, "मंडपात कुणी तोंड उघडायचं नाही." आम्हाला म्हणाले खरे, पण बघत माझ्याकडे होते.

त्या दिवशी मी मेथीच्या वाफ्यात बसून रडले. रडणंही मोठ्यानं, त्यामुळे नामा मोट सोडून धावत आला. "पाट फुटला का बे?" "नाही." "इच्चू चावला?" "नाही." "मंग रळून काहून राह्यली?" मी सांगितलं. तो बांधावर बसला, ढेकूळ फोडत राहिला. "मले बी त्या पोट्ट्याइचं उत्तर मानवत नाही," तो म्हणाला. "कानापाशी बोलतात. पानी कानापाशी पोचते का?" एवढं बोलून तो बैलांकडे गेला. तो कमी बोलायचा, आणि जे बोलायचा ते कुणी मनावर घ्यायचं नाही. मीही घेतलं नाही.

मुलींसोबत घरची कुणीतरी बाई हवी असं ठरलं आणि मोठमाय आपणहून तयार झाली. आदल्या दिवशी घरात दशम्यांचा, तिळाच्या चटणीचा आणि भुरक्याचा घमघमाट. भुरक्यासाठी तापल्या तेलात तिखट पडलं की अख्खं घर शिंकायचं, आणि माझी शिंक, अर्थात, वेगळी ओळखू यायची. एसटीत कंडक्टरनं हार्मोनियमकडे बोट दाखवलं. "हे पेटी टपावर टाका." मास्तर पांढरे पडले. मोठमायनं पेटी उचलून सरळ मांडीवर घेतली, वर पदर टाकला. "हे माह्यं लेकरू हाय. लेकरू कोनी टपावर टाकते का, भाऊ?" कंडक्टर हसला आणि पुढे गेला. वाशीमपर्यंत प्रत्येक खड्ड्याला पदराखालून लेकरू कण्हत होतं.

मंडप पाहिला आणि आमची वाचा बसली. माझीसुद्धा. एवढं मोठं कापड मी कधी पाहिलं नव्हतं. पुढे खुर्च्यांवर परीक्षक आणि साहेबलोक, मागे सतरंज्यांवर शाळाशाळांची पोरं, आणि त्याच्याही मागे, कनात वर करून, बाजाराला आलेली माणसं. डोक्याला पटके, हातात पिशव्या. शहरातल्या शाळांच्या मुली चमचमत्या घागऱ्यांत होत्या, गालाला लाली. आमच्या मुलींनी आयांची नऊवारी दुमडून नेसली होती. कुमुदला स्टेजमागेच घाम फुटला. तिच्या मागच्या दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या, जणू वाफ्यात नाही, विहिरीत उतरायचं आहे. आम्हाला जागा मिळाली ती सगळ्यात शेवटच्या सतरंजीवर, बांबूला टेकून. मोठमाय माझ्या शेजारी, तिचा हात माझ्या मांडीवर. प्रेमानं नव्हे, मी तोंड उघडलं तर चिमटा काढायला सोपं जावं म्हणून.

"आता मेडशीचे विद्यार्थी मोटेचं गाणं सादर करतील," असं माईकवर झालं आणि पडदा सरकला. नामा मधोमध उभा. डोक्याला बाबांचा पटका, हातात कासरा म्हणून दोरी. वर्गात तो कायम डोळे उघडे ठेवून गायचा, कारण समोर मास्तरांची पट्टी असायची. इथं समोर हजार डोळे. त्यानं गर्दी पाहिली आणि भीतीनं डोळे गच्च मिटले. झालं. ज्या क्षणी नामाचे डोळे मिटले, त्या क्षणी तो वाशीममधून उठून आमच्या विहिरीवर गेला. हे त्या अख्ख्या मंडपात फक्त मला कळलं. त्याच्या खांद्यावरून कळलं. ते खाली उतरले, हात सैल झाले, आणि ओळ आली ती अशी भरून की पुढच्या खुर्च्या सावरून बसल्या. सिद्धार्थच्या ढोलकीवर बैलांची पावलं उमटत होती. "...पानी गेलं पाटानं कांद्याच्या वाफ्याले..."

मागून पाच मुली घाबरून कुजबुजल्या, "पोहोचले हो, पोहोचले."

नामा थांबला.

मास्तर हार्मोनियमवरून मान हलवून खुणावत होते, पुढे, पुढे! पण डोळे मिटलेल्या माणसाला खूण काय करणार? त्याच्या लेखी उत्तर आलंच नव्हतं. कानाशी कुणीतरी पुटपुटलं होतं, वाफ्यातून काहीच नाही. त्यानं रीतीप्रमाणे ओळ पुन्हा म्हटली. मुली अजून घाबरल्या, ह्या वेळी दोघीच बोलल्या. नामा पुन्हा थांबला. मंडपात खुसखुस सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "पानी आटलं काय बे, मेळशीवाले!" हशा पिकला. सिद्धार्थ बिचारा एकाच ठेक्यावर अडकून गोल गोल फिरत होता. मास्तरांचा चेहरा मला इतक्या लांबून दिसत होता, आणि तो मी कधी विसरले नाही. ज्या माणसानं आमची मोट इथवर आणली, त्याला वाटत होतं की तीच आता त्याच्या हातानं विहिरीत पडतेय.

नामानं तिसऱ्यांदा ओळ म्हटली. आणि मला माहीत होतं, पुढे काय होणार. त्याचा हात दोरी अडकवायला खुंटी शोधू लागला. तिसऱ्या हाकेला उत्तर आलं नाही की हा पठ्ठ्या स्टेजवरून उडी मारून मला शोधायला धावत सुटणार होता, सगळ्या वाशीमदेखत, डोळे मिटून. त्याचं एक पाऊल उचललंसुद्धा गेलं होतं.

मोठमायनं चिमटा काढला. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं, नुसती उठून उभी राहिले होते. चिमट्यासकट मी छाती भरून घेतली.

"पोचलं गाऽऽऽऽ!"

सगळा मंडप मागे वळला. पुढच्या खुर्च्यांवरचे साहेबलोकही. कनातीपाशी एका आजोबांच्या हातून पिशवी पडली आणि लिंबं गडगडत सतरंजीवर आली. आणि नामा? डोळे मिटलेलेच, पण त्याचा चेहरा असा सैल झाला, जसा रोज व्हायचा. उचललेलं पाऊल जागेवर आलं. "हाऽऽ पवळ्या!" म्हणून त्यानं दोरीला झटका दिला आणि गाणं धावेवरून उतरावं तसं सुटलं. पुढची ओळ, थांबा, माझं उत्तर. पुढची ओळ, थांबा, उत्तर. त्याच्या आणि माझ्या मध्ये तुरीऐवजी माणसं होती, एवढाच काय तो फरक. आधी हसणारे गप्प झाले. मग कनातीकडच्या पटकेवाल्यांना कळलं, काय चाललंय ते. ज्यांनी जन्मभर मोट हाकली त्यांना सांगावं लागतं का? शेवटच्या ओळीला माझ्यासोबत ते सगळे ओरडले, "पोचलं गाऽऽऽ!" आणि माझा आवाज आयुष्यात पहिल्यांदा, आणि बहुधा शेवटचाच, दुसऱ्यांच्या आवाजात हरवला.

टाळ्या संपल्यावर परीक्षकांत कुजबूज झाली. पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी मास्तरांना बोलावलं. नियम दहा जणांचा होता, मग ही अकरावी कोण? मास्तर खरं बोलणारे. "त्याचं असं आहे, ती खरं तर... म्हणजे तिला मीच..." एवढ्यात मोठमाय माझं मनगट धरून, सतरंज्यांवरच्या पोरांना ओलांडत तिथं पोचली होती. मला वाटलं, आता माफी मागायला लावते. मोठमायनं कमरेवर हात ठेवले. "ष्टेजवर धाच जन व्हते का नाही, बाई? मोजले ना तुमीनं?" "हो, स्टेजवर दहाच होते." "मंग? हे पोट्टी ष्टेजवर चळलीच नाही. हे तं तिकळे मांगं व्हती, आपल्या जागेवर." बाई अशा हसल्या की शेजारचे परीक्षकही हसू लागले. मग त्या मला म्हणाल्या, "इतक्या लांबून उत्तर द्यायचं कुणी शिकवलं तुला?" मी म्हणाले, "कांद्यांनी." माझ्या मते हळूच म्हणाले. मंडप पुन्हा हसला.

दुसऱ्या दिवशीच्या शेवटच्या कार्यक्रमासाठी निवडक शाळांची नावं वाचली, त्यात मेडशीचं होतं. मास्तर माझ्यापाशी आले. सकाळपासून त्यांचा चष्मा पुसून पुसून काच झिजली असावी. "सुभद्रा, उद्या तू स्टेजवर. पुढे, मधोमध. कुमुदची हरकत नाही, मी विचारलं." कुमुदची हरकत कशी असेल? ती तर सुटकेनं रडायच्या बेतात होती. आणि मी, जी ह्याच जागेसाठी मेथीत बसून रडले होते, मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "नाही मास्तर. ओलणारी विहिरीवर काय करन? मी मांगंच उभी राह्यतो." मास्तरांनी चष्मा परत काढला. मग म्हणाले, "मला हे आधी कळायला हवं होतं." आणि पहिल्यांदाच ते जरा मोठ्यानं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या बांबूपाशी उभी राहिले. ह्या वेळी मोठमायनं मला दूध पाजलं होतं आणि माझ्यासमोरची माणसं ती दोन्ही हातांनी बाजूला सारत होती. "सरका, सरका, पोरीले वाट द्या आवाजाले!" नामानं डोळे मिटले. कालची बातमी बाजारभर झाली होती, त्यामुळे कनातीपाशी दुप्पट गर्दी. पहिल्या ओळीला मी एकटी. दुसऱ्या ओळीला मागचे पटकेवाले. तिसऱ्या ओळीला शहरातल्या चमचमत्या घागऱ्यावाल्या मुलीसुद्धा ओरडल्या, "पोचलं गाऽऽऽ," आणि मोठमाय तर इतकी ओरडली की तिचा पदर खांद्यावरून उडाला. तेव्हा मला कळलं, माझा आवाज घरात कुणाकडून आला असेल. ती माझ्या रक्ताच्या नात्यातली नव्हे, तरी मला आजही तसंच वाटतं.

पितळी ढाल मिळाली. पहिली. परतीच्या एसटीत पेटी टपावर गेली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मोठमायच्या मांडीवर पदराखाली आता ढाल होती. प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या माणसाला ती पदर वर करून दाखवायची. वाटेतल्या आमच्या मालेगावला एक बाई म्हणाली, "कोनाची वो?" मोठमाय म्हणाली, "आमच्या सुभीची. आवाज हाय तिले, आवाज! आमच्या घरातच हाय थे."

घरी नामानं बाबांना सगळं सांगितलं. तो आयुष्यात एकदम इतकं कधी बोलला नसेल. बाबा पाटावर बसून ऐकत होते. ढालीकडे त्यांनी एकदा पाहिलं, पण चौकशी केली ती भलतीच. "किती लांब व्हती हे?" "मंडपाच्या पार शेवटाले." "आन् तुले आयकू आलं?" "साफ." "हं," बाबा म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडला. एवढंच. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण आईनं ताटात कांद्याची पात वाढली, भरपूर.

दुसऱ्या दिवशी कांद्याला पाणी द्यायचं होतं. ढाल मिळाली म्हणून कांदे थोडेच थांबतात? मी फावडं घेऊन चिखलात उतरले. मोटेची कुरकुर सुरू झाली, पाटानं पाणी आलं, आणि मग तुरीपलीकडून ओळ आली. पण नामाचा आवाज नव्हता. बाबा होते. नामाला त्यांनी झोपू दिलं होतं. बाबांना सूर कधीच नव्हता, त्यांचा पवळ्या उतरताना दर वेळी घसरायचा. ओळ संपली, बैल थांबले. मी छाती भरून उत्तर दिलं. "पोचलं गाऽऽऽ!" रस्त्यावरची एसटीसुद्धा क्षणभर थबकल्यासारखी वाटली.

उत्तर मिळालं की बैल हाकायचे, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. मी दुसऱ्या वाफ्याचं तोंड उघडायला वाकले. पण मोट कुरकुरली नाही. जरा वेळानं तुरीवरून तीच ओळ पुन्हा आली, सावकाश, घसरत. आणि बाबा पुन्हा थांबले, मी अजून एकदा म्हणावं म्हणून.